तिसरी रिंग

मित्रांनो, वर्ध्याहून नालवाडीकडे निघालात की कापसाच्या एका कंपनीचं दुमजली ऑफिस लागतं. त्या ऑफिसच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्या आहेत, जुन्या पावत्यांचे गठ्ठे आहेत आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेली एक पांढुरकी लोखंडी पेटी आहे. ती मी. मी टेलिफोनची पेटी. ऑफिसातले लोक मला ‘बोर्ड’ म्हणत. माझ्या कागदांवर इंग्रजी अक्षरांचं लांबलचक नाव होतं, पण त्या नावानं मला कधी कोणी हाक मारली नाही. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, मग हिचा काय उपयोग, असं तुम्हाला वाटेल. उपयोग होता. त्या उपयोगावर एका माणसानं जीव टांगला आणि तो गेला. ते सांगितल्याशिवाय मला भंगाराच्या गाडीत चढायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीनं बसलेल्या मुलींनी माझ्या पोटात हिरव्या पाट्या बसवल्या आणि केसासारख्या बारीक तारा जोडल्या. चौदा वर्षांपूर्वी मी वर्ध्याला आले. प्रभाकरराव, म्हणजे या कंपनीचे मालक, स्वतः माझं खोकं उतरवून घ्यायला दारात उभे होते. त्यांचा व्याप तीन ठिकाणी पसरलेला होता. ऑफिस इथं नालवाडीला, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी फॅक्टरी पुलगावला आणि त्या गाठी रचून ठेवायचं गोदाम नाचणगावला. तिन्हीकडे वेगवेगळे फोन होते आणि एकमेकांशी बोलायचं म्हणजे दर वेळी बाहेरून फिरून यावं लागे. मला भिंतीवर चढवलं, तिन्ही ठिकाणच्या तारा माझ्या पोटात आणून सोडल्या आणि सगळं एक घर झालं. तीन आकडे फिरवले की पुलगाव, तीन फिरवले की नाचणगाव. पुलगाव आणि नाचणगाव तसे एकमेकांना लागून आहेत. पण नाचणगावचा आवाज आधी इतक्या दूर माझ्याकडे यायचा आणि माझ्यातून परत पुलगावला जायचा. या येण्याजाण्यात पापणीसुद्धा लवत नसे, म्हणून कोणाला त्याचं नवल वाटलं नाही.

माझ्या आधीपासून या लोकांची एक रीत होती. फॅक्टरीतून गाठींचा ट्रक निघाला आणि गोदामाला पोहोचला, की गोदामातून फॅक्टरीत फोन करायचा, दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. पलीकडच्यानं उचलायचा नाही. दोन रिंग म्हणजे गाडी पोहोचली, एवढाच निरोप. बोलायचंच असेल तर वाजू द्यायचं, आणि तिसरी रिंग वाजली की पलीकडचा उचलणार. पहिल्या दोन गाडीच्या, तिसरी माणसाची, असं ते हसत म्हणत. मी आल्यावर बोलण्याला खर्च उरला नाही, तरी रीत राहिलीच. हात कामात असताना उठून फोन घ्यावा लागत नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नवीन माणूस कामाला आला की त्याला आधी हे शिकवलं जाई आणि दोन रिंगांच्या आत फोन उचलणाऱ्याला शिव्या बसत.

माझ्यापुढे सरिताताई बसायची. नालवाडीतच तिचं घर, बारावी झालेली, ही तिची पहिली नोकरी. तिच्या टेबलावर माझे दिवे होते. कुठून कुठं फोन चालला आहे, कोणी आधी ठेवला, किती वेळ वाजला, सगळं तिला त्या दिव्यांवरून कळे. ती मोठी तिखट बाई. साहेब लोकांनाही ‘एक मिनिट थांबा’ असं दटावून सांगायची. दसऱ्याला प्रभाकरराव मला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालत. सरिताताई पूजेच्या भानगडीत पडत नसे, ती मला आठवड्यातून दोनदा कोरड्या फडक्यानं पुसायची. मला विचाराल तर पुसणं बरं. कुंकवानं माझ्या फटी भरून जात.

नाचणगावच्या गोदामाचे राखणदार होते तानबाजी. सावकाश बोलणारे, उन्हानं रापलेले असावेत असा आवाज. असावेत म्हणते, कारण मी त्यांना पाहिलं नाही, फक्त ऐकलं. सरिताताईनंही त्यांना तेरा वर्षांत दोनदाच पाहिलं होतं. पण रोज चारच्या सुमाराला गोदामाचा, ४३१ नंबरचा दिवा लागायचा आणि ती हातातलं काम टाकून उचलायची.

“सरिता बेटा, चाय झाली काय?”

“झाली मामाजी. तुमची?”

“आमची कवाचीच झाली. आज ऊन लई तपून राह्यलं व. पोराले टोपी घालून पाठवजो शाळेत.”

एवढंच बोलणं. पण ज्या दिवशी ते झालं नाही, त्या दिवशी सरिताताई संध्याकाळी मला जरा जोरात पुसायची.

रुईला आगीची भीती फार. म्हणून गोदामाच्या फाटकावर एक पेटारा होता. बिडी, काडेपेटी, मोबाइल, सगळं त्यात ठेवून मगच आत जायचं. आत फक्त माझा भिंतीवरचा फोन. पाच वर्षांपूर्वी वायरीची ठिणगी पडून एक गाठ धुमसायला लागली. तानबाजींनी पुलगावला फोन लावला, तिसऱ्या रिंगला फॅक्टरीतल्या माणसानं उचलला आणि फॅक्टरीचा पाण्याचा टँकर आठ मिनिटांत नाचणगावला येऊन उभा राहिला. सहा गाठी गेल्या, गोदाम वाचलं. प्रभाकररावांनी गोदामावर जाऊन तानबाजींना सगळ्यांपुढे शाल दिली आणि ऑफिसात परतल्यावर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, “हिच्यामुळं वाचलो.” मी तेव्हा फुगले होते, खोटं कशाला बोलू. त्या दिवसापासून तानबाजींच्या मनात पक्कं बसलं की आग लागली तर पळायचं नाही, आधी फोन करायचा. माझ्या कौतुकाचा एवढा एकच परिणाम पुढे उरला.

मग प्रभाकररावांचे चिरंजीव अनुप कारभार बघायला लागले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांनी डब्याएवढं एक नवं यंत्र आणलं. ते फोन स्वतःच उचलायचं आणि गोड आवाजात ‘आपलं स्वागत आहे, विक्रीसाठी एक दाबा’ असं म्हणायचं. ऑपरेटर नको. सरिताताईला आवक-जावकच्या टेबलावर बसायला सांगितलं. तिचे दिवे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवले. तिनं विरोध केला नाही, फक्त त्या दिवसापासून फडकं हातात घेतलं नाही.

नवं यंत्र बसवायला नागपूरहून प्रफुल नावाचा तंत्रज्ञ आला होता. ऑफिस आणि पुलगाव त्यानं सरळ नव्या यंत्रावर घेतलं. नाचणगावची तार जुन्या पद्धतीची होती, ती नव्याला मानवेना. म्हणून मला काढलं नाही. नाचणगाव माझ्याकडे ठेवून त्यानं मला एका तारेनं नव्या यंत्राच्या शेपटाला बांधलं. मग चाचणी घेतली. ती कशी घेतली ते नीट ऐका, कारण सगळं तिथंच बिघडलं. पुलगावला रुपेश फोनवर हात ठेवून उभा होता. गाड्यांच्या रवानगीचं काम त्याच्याकडे होतं. नाचणगावहून फोन लागला, पहिल्याच रिंगला रुपेशनं उचलला, “हॅलो, हॅलो, येऊन राह्यला आवाज.” तसंच उलटं. दहा वेळा झालं आणि दहाही वेळा पहिल्याच रिंगला उचललं गेलं. नव्या यंत्राला सांगून ठेवलेलं होतं की दोन रिंगांत कोणी उचललं नाही तर तो फोन त्या गोड आवाजाकडे सोपवायचा. इतरांचे फोन सोपवले जात. माझ्याकडून गेलेला फोन मात्र त्याला सोपवता येत नव्हता. तो कापून टाकायचा. न उचललेला फोन काय होतो, हे कोणी करूनच पाहिलं नाही.

सामान आवरताना प्रफुल सरिताताईच्या टेबलापाशी थांबला. चांगला पोरगा होता तो. म्हणाला, “ताई, इतकी वर्षं तुमीच सांभाळलं हे. इथल्या काई खास गोष्टी असन तर सांगून द्या मले.”

सरिताताईला सांगण्यासारखं खूप होतं. इथं तिसऱ्या रिंगेशिवाय कोणी फोन उचलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण तिनं मान वर केली नाही.

“मले कायले इचारता? मी तं जुनी झाली. सायबायले इचारा.”

प्रफुल हसला आणि निघून गेला.

चार दिवस सगळं सुरळीत चाललं आहे असंच सगळ्यांना वाटलं. गाड्या पोहोचत, तानबाजी दोन रिंग देऊन ठेवत, रुपेश वहीत खूण करी. पहिल्या दिवशी चार वाजता तानबाजींनी ऑफिसला फोन लावला, पण ऑफिसचा फोन आता ते यंत्र स्वतःच उचलत होतं, म्हणून तो गोड आवाज आला. “सरिता कुठं गेली व बाई?” त्यांनी विचारलं. ‘हिशेबासाठी दोन दाबा,’ तो आवाज म्हणाला. त्यांनी हळूच ठेवून दिला आणि पुन्हा ऑफिसला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना रुपेशशी बोलायचं होतं. दोन रिंग वाजल्या आणि फोन तुटला. त्यांनी कापला नव्हता, मला दिसत होतं, तोड नव्या यंत्राकडून आली होती. “बिजी असन,” असं पुटपुटून ते फाटकापर्यंत चालत गेले आणि मोबाइलवर बोलून आले. सरिताताईपुढे दिवे असते तर तिनं तेव्हाच ओळखलं असतं. मला तोंड नाही, मित्रांनो. मी दुसऱ्यांचं बोलणं नेते, माझं बोलणं मला नेता येत नाही.

पाचव्या दिवशी, मार्च महिन्यातल्या दुपारी, पावणेचारच्या आसपास गोदामाच्या पुढच्या दाराशी आग लागली. कशानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हमाल फाटकाबाहेर जेवायला बसले होते. तानबाजी एकटे आत गाठी मोजत होते. पुढचं दार ज्वाळांनी धरलं होतं, पण मागच्या बाजूला एक लहान दार होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती. त्यांनी आधी फोन उचलला आणि पुलगावचा नंबर फिरवला.

दोन रिंग वाजल्या आणि तुटलं.

पुलगावला रुपेश अंगणात ट्रक भरून घेत होता. त्या दुपारी दोन ट्रक सारख्या खेपा करत होते. त्यानं खिडकीतून दोन रिंग ऐकल्या आणि वहीत खूण केली. पुन्हा दोन वाजल्या, पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा त्याला वाटलं, तानबाजी आज मोजण्यात चुकून राहिले आहेत.

माणूस रिसीव्हर कानाला धरून उभा असला की पलीकडे कोणी नसलं तरी मला त्याचा आवाज येतो. “उचल ना रे बाप्पा रुपेश, उचल,” एवढंच ते म्हणत होते. पाठीमागे पत्रे तडकत होते. चौथ्यांदा त्यांनी नंबर फिरवला तेव्हा खोकल्यानं त्यांना बोलता येत नव्हतं. पाचव्यांदा फिरवताना एक आकडा चुकला, तेव्हा खटका दाबून त्यांनी नीट पुन्हा लावला. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता. दोन रिंग वाजल्या. फोन तुटला, पण रिसीव्हर परत जागेवर ठेवल्याचं मला कळलं नाही. पुढे त्या तारेतून बराच वेळ नुसती फडफड येत राहिली आणि मग तार मेली.

बाहेरच्या हमालांनी आरडाओरडा केला, मोबाइल काढले, टँकर आला. तोवर काही उरलं नव्हतं. तानबाजी फोनच्या भिंतीपाशी सापडले. किल्ली कमरेलाच होती.

गोदाम गेल्यावर नाचणगावची तार गेली आणि ती गेल्यावर माझं कामही गेलं. मला भिंतीवरून उतरवून जिन्याखाली टाकलं. जिन्याखाली पडलेल्या वस्तूला सगळं ऐकू येतं. अनुपसाहेबांनी रुपेशला विचारलं, “फोन आला होता?” रुपेश म्हणाला, “नाई सायेब.” नव्या यंत्राच्या यादीतही नाचणगावचा फोन नव्हता, कारण उचलला न गेलेला फोन ते यंत्र मोजतच नाही. झालं. पाच वर्षांपूर्वी फोन करणाऱ्या माणसानं या वेळी केला नाही, म्हणजे तो झोपला असणार. आठवड्याभरात कोणीतरी बिडी जोडली. दुसऱ्या आठवड्यात ती बिडी तानबाजींनीच आत नेली होती असं ठरलं.

तानबाजींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बुद्धविहारातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सरिताताई नाचणगावला गेली होती.  मग एका सकाळी तानबाजींची बायको, अनुसयाबाई, ऑफिसात आली. प्रभाकरराव, अनुपसाहेब सगळे होते. तिनं कोणाकडं पैशाचं नाव काढलं नाही. ती सरळ सरिताताईच्या टेबलाशी गेली.

“पोरी, लोक म्हणतेत ते झोपले होते. बिडी पेत होते म्हणतेत. माया घरी तीस वर्षं कोनी बिडी पाह्यली नाई. तू फोनवर राहे. तू सांग मले, त्यायनं फोन केल्ता का नाई?”

 सरिताताई उठून जिन्याखाली आली आणि खुर्च्या बाजूला ढकलून तिनं मला ओढून काढलं. धूळ झाडली, फडक्यानं नाही, पदरानं. माझ्या पोटात एक लहानशी बॅटरी असते. वीज नसली तरी शेवटचे काहीशे फोन मला आठवत राहतात, हे त्या ऑफिसात तिला एकटीलाच माहीत होतं. तिनं मला वीज दिली, जुना प्रिंटर जोडला आणि बटणं दाबली. अनुपसाहेब म्हणाले, “सरिता, हे काय चाललंय?” तिनं ‘एक मिनिट थांबा’ म्हटलं, पूर्वीसारखंच.

कर्रकर्र आवाज करत कागद बाहेर आला. अनुसयाबाईला वाचता येत नव्हतं. सरिताताईनं ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. “तीन वाजून त्रेचाळीस मिनिटं. नाचणगावहून पुलगावले. दहा सेकंद. तीन चव्वेचाळीस. नाचणगावहून पुलगावले. दहा सेकंद.” अशा पाच ओळी तिनं वाचल्या. 

“अन् सहावा?” अनुसयाबाईनं विचारलं.

“सहावा नाई, मामी.”

 प्रभाकरराव खुर्चीत बसले होते ते तसेच बसून राहिले. अनुपसाहेबांनी पुलगावला फोन लावला आणि रुपेश ओरडून रडला तो सगळ्यांना ऐकू आला. “दोनच वाजे अन् कटे सायेब. मले वाटलं गाडी पोचली. तुमी इचारलं तं मले भेव वाटलं.” अनुपसाहेब प्रफुलच्या नावानं काही बोलायला लागले, तेव्हा सरिताताईनं त्यांना थांबवलं.

“त्याले दोष देऊ नका. त्यानं मले इचारलं होतं. इथं तिसऱ्या रिंगले उचलतेत, एवढंच सांगाचं होतं मले. मी रागात होती. नाई सांगितलं.”

अनुसयाबाईनं तिच्याकडे मान वळवली. “तुले माईत होतं?”

“हो.”

“माईत होतं, अन् तू बोलली नाई.”

 शिपायानं आणलेला चहा अनुसयाबाईपुढे तसाच होता. तिनं तो कागद नीट चार घड्या करून चोळीत ठेवला आणि उठली. सरिताताईच्या पाठीवरून हात फिरवेल, काही दोन शब्द बोलेल, असं मला वाटलं होतं. ती तशीच निघून गेली. मी तिला दोष देत नाही.

तानबाजी झोपले नव्हते, हे आता नाचणगावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या घरी कंपनीचे लोक जाऊन आले. मेलेला माणूस त्यानं परत येत नाही, पण त्याच्या बायकोला आता विहारात मान खाली घालून बसावं लागत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असं सांगायची माझ्यासारख्यांची पद्धत असते. मी तसं सांगणार नाही. नवं आणा, मला खुशाल भंगारात घाला, माझं आयुष्य झालं. पण जुनी वस्तू भिंतीवरून उतरवाल तेव्हा तिच्यापुढे वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाजवळ जा. एकदा विचारून सोडू नका, खुर्ची ओढून बसा आणि तो बोलेपर्यंत विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तुमचा मान राखला नाही म्हणून तुमचं मन दुखलेलं असेल, तर हवं तेवढं भांडा, आदळआपट करा, पण जे ठाऊक आहे ते सांगून टाका.

सरिताताई अजून आवक-जावकच्या टेबलावर बसते. तिच्यापुढे एक साधा फोन आहे. तो वाजला की पहिली रिंग पुरी होण्याआधीच ती उचलते. कोणी चुकून लावलेला असतो, पलीकडून कोणी बोलत नाही, फोन कधीच तुटलेला असतो. तरी ती तो कानाला धरून बसून राहते.